आठवड्याचे अकरा तास : नोकरी, मुलं आणि एमबीए

या महिन्यात आलेल्या प्रश्नांमध्ये एक विषय सारखा डोकावत होता. घरात शाळकरी मुलं आहेत, नोकरी चालू आहे आणि आता एमबीए करायचं आहे. बहुतेकांनी विचारलं, ‘कोणतं कॉलेज चांगलं?’ आम्ही मात्र बऱ्याच ठिकाणी उलट प्रश्न विचारला आहे, तास कुठून काढणार? हा हिशेब जमला तर कॉलेजची निवड सोपी होते, आणि जमला नाही तर कॉलेज कितीही नावाजलेलं असो, तिसऱ्या सत्रात गाडी अडते.

प्रश्न : मी चिंचवडला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. आठवड्याला सहा दिवस काम, मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच वर्षांचा. ऑनलाइन एमबीए, पार्ट-टाइम आणि एक्झिक्युटिव्ह असे तीन पर्याय समोर आहेत. दोन वर्षांत पूर्ण होईल का?

आधी वही घ्या आणि आठवड्याचे १६८ तास मांडा. नऊ तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे दोन, असे दिवसाला ११. सहा दिवसांचे ६६. झोप सात तास धरली तर ४९. उरले ५३. मुलांचं आवरणं, डबे, पाळणाघर, गृहपाठ, स्वयंपाक यांना कामाच्या दिवशी पाच तास आणि रविवारी बारा तास धरले तर ४२ जातात. हातात राहतात ११. त्यात आजारपण, लग्नकार्य किंवा निवांत बसून घेतलेला चहा कुठेच धरलेला नाही.

आता दुसरी बाजू. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे ३० तास. अभ्यासक्रम १०० क्रेडिटचा असला तर ३,००० तास झाले, म्हणजे दोन वर्षांत आठवड्याला जवळजवळ २९. नोकरीचा अनुभव असलेल्यांना कागदावरचे सगळे तास लागत नाहीत. उत्पादन, गुणवत्ता, माणसं सांभाळणं हे तुम्ही रोज करता. आमचा अंदाज असा की निम्म्या तासांत भागतं. तरीही १,५०० तास दोन वर्षांत बसवायचे तर आठवड्याला साडेचौदा हवेत आणि तुमच्याकडे ११ आहेत. तेच तीन वर्षांत पसरले तर साडेनऊच्या आसपास येतात. तेव्हा उत्तर स्पष्ट आहे : दोन वर्षांत ओढाताण होईल, तीन वर्षांत जमेल.

म्हणून प्रवेशाच्या आधी विद्यापीठाला एकच गोष्ट लेखी विचारा : एका सत्रात कमी विषयांची परीक्षा देता येते का, आणि पदवी पूर्ण करायची कमाल मुदत किती? इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एमबीएला किमान दोन आणि कमाल चार वर्षं आहेत. नोकरदार पालकाला ही सैल दोरी फार उपयोगी पडते. याउलट काही ऑनलाइन अभ्यासक्रमांत राहिलेल्या प्रत्येक विषयाला पुन्हा शुल्क पडतं. मग ‘सवड मिळेल तसं’ करायची किंमत हजारांत जाते.

तीन पर्यायांतला फरक थोडक्यात सांगतो. ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी मान्यताप्राप्त संस्थेची असेल तर ती नियमित पदवीच्या तोडीची धरली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, सप्टेंबर २०२२ मध्ये तसं जाहीर केलं आहे. पार्ट-टाइम म्हणजे प्रत्यक्ष वर्ग, बहुधा संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी. ‘एक्झिक्युटिव्ह’ हा शब्द मात्र सैल आहे. त्याखाली पदवीही असते, पदविकाही असते आणि नुसतं प्रमाणपत्रही असतं. २०१७ च्या कायद्यानंतर आयआयएमना पदवी देता येते, पण त्यांचा प्रत्येक अभ्यासक्रम पदवीचा नसतो. माहितीपत्रकाच्या शेवटी ‘काय प्रदान केलं जाईल’ असं कलम असतं, ते आधी वाचा. मुखपृष्ठावरच्या फोटोंना नंतर वेळ आहे.

तुमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. प्रवेश जुलैऐवजी जानेवारीच्या सत्रात घेता आला तर बघा. पावसाळ्यात पाळणाघरातली मुलं सर्दी-तापाने आलटून पालटून घरी असतात, आणि अगदी त्याच महिन्यांत पहिल्या सत्राचा लेखाशास्त्राचा पाया घालायचा असतो. गुणवत्ता विभागातल्या माणसाला संख्याशास्त्र सोपं जाईल. घाम फुटेल तो जर्नल एन्ट्री आणि ताळेबंदाला. ते विषय कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर होत नाहीत, टेबल, कागद आणि पेन लागतं. बसमध्ये विपणन आणि संघटनात्मक वर्तन यांची वाचनं किंवा ध्वनिमुद्रणं उरका. रविवारी सकाळचे दोन तास हिशेबाच्या विषयांना राखून ठेवा. विषय आणि जागा यांची अशी जोडी लावली नाही तर अकरातले चार तास वायाच जातात.

प्रश्न : ‘यूजीसी मान्य एक्झिक्युटिव्ह एमबीए, ११ महिने, परीक्षा नाही’ असा फोन आला. आज नोंदणी केली तर ४० टक्के सवलत म्हणतात. खरं कसं ओळखायचं? (नाशिक)

परीक्षा नाही म्हटल्यावरच फोन ठेवायला हरकत नव्हती. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार ऑनलाइन आणि दूरस्थ पदवीत गुणांचा मोठा वाटा सत्रान्त परीक्षेचा असतो. साधारण ७० टक्के परीक्षा आणि ३० टक्के अंतर्गत मूल्यमापन अशी विभागणी दिसते. एप्रिल २०२४ मध्ये तर ‘दहा दिवसांत एमबीए’ अशा जाहिरातींपासून सावध राहा असं यूजीसीला सांगावं लागलं.

तपासायची रीत अशी. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर जा. ज्या सत्रात प्रवेश घेणार त्याच सत्राची यादी उघडा. विद्यापीठाचं नाव शोधा, आणि मग त्या नावाखाली तुमचा अभ्यासक्रम आहे का ते पाहा. लोक इथेच चुकतात. विद्यापीठ यादीत असतं, बीए आणि बीकॉमला मान्यता असते, एमबीएला नसते. किंवा मान्यता मागच्या वर्षाची असते. दूरस्थ आणि ऑनलाइन यांच्या मान्यता वेगळ्या असतात, हेही लक्षात ठेवा. पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका असेल तर एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता पाहायची.

दुसरं, पैसे कोणाच्या खात्यात जाणार ते विचारा. विद्यापीठाने आपला पदवी अभ्यासक्रम खासगी कंपनीला फ्रँचायझी म्हणून देणं नियमात बसत नाही, आणि यूजीसीने २०२२ मध्ये तसा इशाराही दिला होता. कंपनी जाहिरात करेल, तांत्रिक मदत करेल, ते ठीक. पण प्रवेश, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाचीच हवी आणि पावतीवर विद्यापीठाचं नाव हवं. सवलत ‘आजच’ संपणारी असेल तर ती पुढच्या आठवड्यातही असते, हा आमचा अनुभव नव्हे तर विक्रीची जुनी रीत आहे.

प्रश्न : माझी पदवी माहेरच्या नावाने आहे, आधार आणि पॅन सासरच्या. ऑनलाइन प्रवेशाचा अर्ज पुढेच सरकत नाही. (रत्नागिरी)

हा प्रश्न दर महिन्याला येतो. २०२४ पासून ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांना डीईबी-आयडी लागतो. तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक हवा. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर आधारवरचं नाव उचलतं. म्हणजे साखळीच्या सुरुवातीला सासरचं नाव आणि शेवटी जोडलेल्या गुणपत्रिकेवर माहेरचं. शिवाय आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं आणि आईचं नावही असतं, त्यामुळे नावांचा क्रमसुद्धा जुळत नाही.

सुरुवातीला ठरवा की एमबीएच्या पदवीवर कोणतं नाव हवं. नोकरीच्या ठिकाणी पगार, पीएफ, पॅन सगळं सासरच्या नावाने असेल तर तेच ठेवणं पुढे सोयीचं. मग विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि राज्य शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद अशी दोन कागदं हाताशी ठेवा. राजपत्रासाठी शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करता येतो. प्रसिद्ध झालेल्या पानाची पीडीएफ जपून ठेवा, ती पुढे प्रत्येक ठिकाणी लागते. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर काही विद्यापीठं तात्पुरता प्रवेश देतात, पण पदवीच्या वेळी राजपत्र मागतात, तेव्हा ते आताच उरका.

अर्ज भरताना नाव आधारप्रमाणे अक्षरशः तसंच टाका. आधारवर मधलं नाव आद्याक्षराने असेल तर आद्याक्षरच. आणि जुनं विद्यापीठ दुसरं असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, अर्थात मायग्रेशन, लगेच मागवा. ते मिळेपर्यंत प्रवेश बहुधा तात्पुरता राहतो, आणि मुदत टळली की पहिल्या परीक्षेचं प्रवेशपत्र अडकतं.

प्रश्न : सरकारी नोकरीत आहे. न सांगता दूरस्थ एमबीए केलं तर चालेल का? (अमरावती)

नाही. प्रवेशाआधी कार्यालय प्रमुखांमार्फत परवानगीचा अर्ज करा आणि पोच घ्या. नंतर पदवीची नोंद सेवापुस्तकात करून घ्यायची वेळ येते तेव्हा हीच परवानगी विचारली जाते. बालसंगोपन रजा अभ्यासासाठी वापरायचा विचार तुम्ही कळवला आहे; तो करू नका, ती रजा मुलाच्या गरजांसाठी असते.

प्रश्न : डोंबिवलीला राहतो, ऑफिस परळला. मुंबई विद्यापीठाचा संध्याकाळचा तीन वर्षांचा पार्ट-टाइम अभ्यासक्रम करावा असं वाटतं. मुलगा चार वर्षांचा आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ एमएमएस (मुंबई विद्यापीठाची एमबीएसारखी पदवी) करणं जास्त शहाणपणाचं का?

चार वर्षांचं मूल आणि घराचा हप्ता असताना पूर्णवेळ अभ्यासासाठी दोन वर्षांचा पगार सोडणं, हे कॉलेज पहिल्या दर्जाचं मिळालं तरच विचारात घ्या. राज्याच्या एमबीए-एमएमएस सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे दर प्रश्नाला ४५ सेकंद. या परीक्षेत ज्ञानापेक्षा वेग मोजला जातो, आणि जमनालाल बजाजसारख्या संस्थेसाठी लागणारा वेग नोकरी करणाऱ्याला रोजच्या सरावाशिवाय येत नाही. सहा महिने रोज दीड तास काढता येत असेल तर एकदा परीक्षा देऊन बघा. निकाल पाहूनच नोकरीचा राजीनामा लिहा, आधी नाही.

पार्ट-टाइममध्ये विपणन, वित्त, मनुष्यबळ अशा एकेका शाखेची पदव्युत्तर पदवी असते, आणि कामाचा अनुभव मागितला जातो. त्याची प्रवेशाची जाहिरात पूर्णवेळच्या फेऱ्यांपेक्षा वेगळी येऊ शकते, तेव्हा संस्थेकडे थेट चौकशी करा. पण तुमच्यासाठी खरा मुद्दा रेल्वेचा आहे. संस्था घर-ऑफिसच्या वाटेवर असेल तर प्रवासाचा वेळ जवळजवळ फुकट पडतो. विद्याविहार आणि माटुंगा इथल्या संस्था तुमच्या मध्य रेल्वेवर आहेत. दोन्हीकडे जलद गाडी थांबत नाही, म्हणून परतताना विद्याविहारहून घाटकोपरला किंवा माटुंग्याहून कुर्ल्याला धिम्या गाडीने जाऊन जलद पकडायची. चर्चगेट परिसर किंवा विलेपार्ले म्हणजे दादरची अदलाबदल, आणि रात्री पाऊण-एक तास जास्त.

वर्ग रात्री साडेनऊला सुटला तर घरी पोचायला अकरा होणार. आठवड्यातल्या अशा तीन संध्याकाळी मुलगा झोपलेला असेल. त्या दिवसांची सकाळ त्याच्यासाठी बांधून ठेवा : शाळेच्या रिक्षापर्यंत तुम्हीच सोडायचं, अशी ठाम वाटणी. आणि वेळापत्रक लागल्याबरोबर वरिष्ठांना त्या तीन वारांची यादी द्या. साडेपाचची मीटिंग मंगळवारी लागणार असेल तर ती तुमच्याशिवाय होईल हे त्यांना पहिल्या आठवड्यात कळलेलं बरं, तिसऱ्या महिन्यात नाही. हजेरीची अट मोडली की परीक्षेला बसता येत नाही आणि त्यावर कोणाची शिफारस चालत नाही.

प्रश्न : फी तीन लाख. एक वेबसाइट ‘बिनव्याजी हप्ते’ देते, बँक कर्ज देते आणि कंपनी म्हणते आम्ही भरतो पण दोन वर्षांचा बाँड लिहून द्या. काय करावं? (ठाणे)

कंपनीचा देकार आधी वाचा, कारण बाकी दोन्हींपेक्षा तो स्वस्त पडू शकतो. बाँडमध्ये पाच ठिकाणी बोट ठेवून विचारा. दोन वर्षं कधीपासून मोजायची, फी भरल्यापासून की पदवी मिळाल्यापासून? दुसऱ्या पद्धतीत दोनाची सहज चार होतात. मध्येच सोडलं तर पूर्ण रक्कम की उरलेल्या महिन्यांची? तीन लाख चोवीस महिन्यांत विभागले तर महिन्याला १२,५०० कमी होत गेले पाहिजेत. कंपनीनेच कामावरून काढलं तर देणं माफ आहे का? एखादा विषय राहिला तर फी परत मागणार का? आणि वसुलीची रक्कम फीएवढीच आहे की त्यात ‘नुकसानभरपाई’ म्हणून वर काही घातलं आहे? भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात आकडा लिहिला असला तरी वाजवी तेवढीच भरपाई, तीही त्या आकड्याच्या मर्यादेत, मागता येते. पण ते कोर्टात सिद्ध करत बसण्यापेक्षा सहीआधी बदलून घेणं बरं. मूळ पदवी किंवा गुणपत्रिका तारण म्हणून देऊ नका.

बँकेचं कर्ज : तीन लाख, ११ टक्के, तीन वर्षं धरली तर हप्ता सुमारे ९,८२० रुपये आणि एकूण व्याज ५३,५०० च्या आसपास. उच्च शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट, जिला सगळे ८०-ई म्हणून ओळखतात, ती फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. कमाल रकमेची मर्यादा नाही, पण कालावधी आठ वर्षांचा. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकर धरून तीन वर्षांत अकरा हजारांच्या आसपास वाचतात. नव्या पद्धतीत शून्य. केवळ या अकरा हजारांसाठी करपद्धत बदलू नका, पूर्ण हिशेब मांडा. मुद्दलावर सूट नाही. आणि ८०-सीमध्ये शाळेच्या फीची सूट मिळते ती मुलांच्या. स्वतःच्या फीची नाही. दर मार्चमध्ये कोणीतरी ही चूक करतं.

‘बिनव्याजी हप्ते’ म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं आणि व्याज फीमध्ये आधीच घातलेलं असतं. एकरकमी भरली तर किती कमी, हे विचारलं की ते उघड होतं. धोका वेगळाच आहे : अभ्यासक्रम सोडला तरी हप्ते थांबत नाहीत, कारण करार विद्यापीठाशी नसून वित्तसंस्थेशी असतो. चुकले तर सिबिल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीचा गुणांक, बिघडतो आणि पुढे घरकर्जाच्या वेळी ते आडवं येतं. अशी प्रत्येक संस्था ८०-ईमध्ये बसतेच असंही नाही, लेखी विचारा.

प्रवेश घेऊन विचार बदलला तर फीपरतीचं यूजीसीचं २०१८ चं कोष्टक उपयोगी आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी कळवलं तर पूर्ण फी, १५ दिवसांपेक्षा कमी असताना ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १५ ते ३० दिवसांत ५० टक्के आणि त्यापुढे काही नाही. यूजीसी पुढे त्यात सवलतीची परिपत्रकं काढते, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक पाहा. अर्ज ईमेलने करा, तारीख राहते.

प्रश्न : ऑनलाइन परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर आहे. घर दोन खोल्यांचं, मुलगी चार वर्षांची. मागच्या वेळी ती आत आली आणि पेपर ‘संशयित’ म्हणून नोंदला गेला. (सोलापूर)

पहिला उपाय घराबाहेरचा : विद्यापीठ परीक्षाकेंद्राचा पर्याय देत असेल तर तो घ्या. नसेल तर मुलगी त्या वेळी दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरात हवी. चार वर्षांच्या मुलाला ‘तीन तास आईकडे जायचं नाही’ हे समजतं, पण पाळता येत नाही. शेजारी, मावशी, आजोळ, काहीही. आणि जो माणूस ठरवाल त्याला तारखा महिनाभर आधी द्या. ऐन दिवाळीच्या सुट्टीत पाळणाघर बंद असतं हे विसरू नका.

देखरेखीची प्रणाली माणसाचा हेतू पाहत नाही. दुसरा चेहरा, दुसरा आवाज, नजर सारखी खाली किंवा बाजूला जाणं, ओठ हलणं या गोष्टी ती टिपते. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर ती सराव परीक्षेतच मोडा. मागे आरसा, कॅलेंडर किंवा फोटोंची भिंत नको, कोरी भिंत बघून बसा. दाराची घंटा बंद करा, कुकर लावू नका, घरातल्या सगळ्यांचे फोन मूक करा.

लॅपटॉप ऑफिसचा नको. त्यात परीक्षेचं सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसते आणि हे नेमकं परीक्षेच्या सकाळी कळतं. स्वतःचा किंवा मागून आणलेला असेल तर आदल्या दिवशी अद्ययावत करा, म्हणजे मध्येच ‘रीस्टार्ट’ मागणार नाही. राउटर लॅपटॉपला केबलने जोडा. राउटरही इन्व्हर्टरवर हवा; वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वाय-फाय मरतं. दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा, फक्त तो फोन नियमात चालतो का ते आधी पाहा. विद्यापीठाची सराव चाचणी त्याच खोलीत, त्याच वेळेला, त्याच जोडणीवर द्या.

जोडणी तुटली तर पुन्हा आत जाण्याआधी पडद्याचा वेळेसकट फोटो काढून ठेवा, आणि पेपर संपल्यावर तासाभरात परीक्षा विभागाला ईमेल करा. नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक मागा. मागच्या पेपराबद्दलही अजून लिहिता येईल : मूल किती वाजता आलं, किती सेकंद होतं, बोललं का, आणि चित्रफीत पुन्हा माणसाकडून पाहावी अशी विनंती. स्वच्छ, तारीखवार लिहिलेल्या अर्जाकडे लक्ष जातं. रागाच्या अर्जाकडे जात नाही.

प्रश्न : पत्नी एमबीए करते आहे. मी घरात ‘मदत’ करतो तरी ती चिडते. (कोल्हापूर)

मदत मागावी लागते तिथेच चिडचिड होते. काम मदत म्हणून नको, तुमचं म्हणून घ्या. उदाहरणार्थ मुलांच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप गट तुमच्याकडे : त्यावरची प्रत्येक सूचना वाचणं, कार्डबोर्ड आणि रंगीत कागद वेळेवर आणणं, पालकसभेला जाणं. किंवा रात्री आठ ते साडेनऊ जेवण, भांडी, झोपवणं. ‘भाजी कुठली करू?’ हा प्रश्नसुद्धा तिचे दोन विचार खर्च करतो. परीक्षेच्या तारखा कळल्या की फ्रिजवर लावा आणि त्या पंधरवड्यात घरी पाहुणे येणार नाहीत हे तुमच्या बाजूच्या नातेवाइकांना तुम्ही सांगा, तिने नव्हे.

प्रश्न : गटप्रकल्पाच्या ऑनलाइन बैठका रात्री नऊला असतात, तेव्हाच मुलं झोपायची वेळ. गटातले बाकी सगळे अविवाहित आहेत. (पुणे)

पहिल्याच बैठकीत सांगा की नऊ ते साडेनऊ जमणार नाही, पावणेदहा किंवा सकाळी सहा जमेल. सांगायला लाजलात तर तिसऱ्या बैठकीपासून तुमच्याशिवाय निर्णय होतील. आणि भाग असा घ्या ज्याला सगळ्यांच्या सोबत बसावं लागत नाही : आकडेमोड, तक्ते, शेवटचं संकलन. संकलन हे कटकटीचं काम असतं, म्हणून कोणी घेत नाही. पण ते सकाळी पाचला एकट्याने होतं आणि सगळा प्रकल्प वाचायची आयती सोय होते.

प्रश्न : बी.एड. चालू आहे. बरोबर ऑनलाइन एमबीए घेता येईल का? (लातूर)

यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एका वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गाचे असतील तर वेळा एकमेकांवर येता कामा नयेत. बी.एड.ला स्वतःच्या परिषदेचे नियमही असतात, ते तुमच्या महाविद्यालयात विचारा. नियमात बसतं म्हणून आठवड्यात बसेल असं नाही. वरचा १६८ तासांचा हिशेब एकदा करा.

प्रश्न : तिसऱ्या सत्रात आहे. दोन विषय राहिलेत, मुलाच्या आजारपणात असाइनमेंटही गेल्या. सोडून द्यावं का? (नागपूर)

लगेच नको. तीन कागद काढा : कमाल मुदत संपायला किती सत्रं आहेत, राहिलेल्या विषयांचं शुल्क किती, आणि आतापर्यंत मिळालेली क्रेडिट किती. इग्नूसारख्या ठिकाणी असाल तर परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा होतात. असाइनमेंटच्या मुदती मात्र त्याच्या बऱ्याच आधी असतात. नापास होणाऱ्यांत असे मुदत हुकलेलेही असतात. राहिलेल्या असाइनमेंट पुढच्या सत्राच्या प्रश्नपत्रिकेवरूनच लिहायच्या. जुन्या प्रश्नांची उत्तरं नव्या सत्रात स्वीकारली जात नाहीत.

पुढच्या सत्रात नवे विषय घेऊ नका, फक्त हे दोन संपवा. जूनचं सत्र निवडणार असाल तर विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा उघडतात, त्याचा फायदा तुम्हाला आहे. दप्तर-गणवेशाची धावपळ थोडी पुढे जाईल.

खरोखरच पुढे जाणं शक्य नसेल तर विद्यापीठाला विचारा की पहिल्या वर्षाची क्रेडिट पूर्ण असल्यास पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं का. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यात ती वाट आहे, विद्यापीठाने स्वीकारली असेल तर. नसेल तरी एबीसी खात्यात जमा झालेली क्रेडिट कमाल सात वर्षं टिकतात. म्हणून निघण्याआधी खात्यात डोकावून प्रत्येक विषयाची नोंद चढली आहे का पाहा, आणि नसेल तर विद्यापीठाच्या एबीसी समन्वयकाला आत्ताच पत्र टाका. विद्यार्थी म्हणून नाव नोंदीत असताना ते काम आठवड्यात होतं, नंतर महिने लागतात.